कंबी मामाचा एक शब्द

छत्री नंदिताला मिळाली हे अखिलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून बरं. दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

ती काही पावसाची छत्री नव्हे. लाल रेशमाची, कडेला झालर असलेली, तीन-चार ठिकाणी भागीरथी मामीनं रफू केलेली अशी ती सर्कशीतली छत्री होती. ती हातात धरून कंबी मामा दर वर्षी तंजावरच्या मराठी मंडळींच्या संमेलनात तारेवर चालायचा. भाषणं, सत्कार, लहान मुलांची गाणी, सगळं उरकलं की शेवटी मामा, आणि मग जेवण. यंदा मात्र मामाच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे छत्री दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार हे उघड होतं. ती कुणाच्या हातात जाणार हेही अखिलाच्या मते उघडच होतं. तिनं तर त्या दिवसासाठी लाल काठाचा कुडता शिवायला टाकला होता.

मामाचं खरं नाव कृष्णस्वामी. अखिलाच्या आईचा तो चुलतभाऊ, पण मामा म्हणायचं ते साऱ्या गावानं. तामिळमध्ये कंबी म्हणजे तार. आणि कुणी घरातून पळून गेला की त्यानं कंबी लांबवली असंही तामिळ लोक म्हणतात. मामानं दोन्ही केलं होतं. कोवळ्या वयात तो तंजावरला मुक्कामाला आलेल्या एका सर्कशीबरोबर पळाला आणि काही वर्षांनी ही छत्री आणि तारेचं एक भेंडोळं घेऊन परत आला. बापानं घरात घेतलं, पण शेवटपर्यंत धड बोलला नाही. पुढे मामानं शाळेत ड्रिल मास्तर म्हणून नोकरी केली, पेन्शन घेतली, आणि तिरुवैयारूला कावेरीकाठी छोटं घर बांधून परसातल्या दोन नारळांच्या मधे छातीइतक्या उंचीवर तार ताणली. अखिला नऊ वर्षांची असताना त्या तारेवर पहिल्यांदा चढली. आता ती स्वतः एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. दर रविवारी राजवाड्यामागच्या गल्लीतून स्कूटी काढायची आणि वाटेतले सगळ्या नद्यांचे पूल ओलांडून मामाकडे यायची. पाऊस असो, ताप असो, तिचा रविवार चुकला नाही.

मामाची शिकवायची रीत अशी की तो शिकवायचाच नाही. वेताच्या खुर्चीत बसायचा, तोंडात सदा विडा भरलेला, आणि सबंध सकाळ एकच शब्द. पाऊल चुकलं, "तोल!" मान खाली गेली, "तोल!" कावळा ओरडला म्हणून लक्ष उडालं, "तोल!" विड्याच्या रसातून बुडून वर आलेला तो शब्द ऐकत अखिला लहानाची मोठी झाली. हा शब्द मामाला त्याच्या उस्तादानं दिला होता. उस्ताद सांगलीकडचा डोंबारी होता आणि साऱ्या सर्कशीत मराठी बोलणारे ते दोघंच होते.

"नंदिता चालंल," छत्री देऊन झाल्यावर मामा म्हणाला. "अखिला, तूं खालीं ऱ्हा. तार तूं ताण, गाद्या तूं बघ."

"कां मामा? माझं काय चुकलं?"

"चुकलं काहीं नाहीं. पण तूं तारेशीं भांडतेस. तूं चाललीस कीं बघणाऱ्यांस घाम येतो."

आतून भागीरथी मामी खुदकन हसली. ते हसू अखिलाला मामाच्या बोलण्याहून जास्त लागलं. मामा म्हणाला ते खोटं होतं असं नाही. अखिला कधीच पडायची नाही. ती या टोकाहून त्या टोकाला जायचीच. पण कडेवर मूल घेऊन पुराचा ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखी जायची. दात आवळलेले, खांदे कानाला लागलेले. पोचली की बघणारे आधी सुस्कारा टाकायचे, टाळ्या मागून. तिला वाटायचं, हेच तर कौशल्य आहे. सोपं दिसलं तर लोकांना कष्ट कसे कळणार?

आणि नंदिताला सगळं सोपं जायचं.

नंदिता ही मामीची भाची, चेन्नईला वाढलेली. गेल्या वर्षी तंजावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून आत्याकडे राहायला आली. घरात तामिळ, शाळेत इंग्रजी. मराठी कानावरून गेलेलं तेवढंच. "अक्का, मी डोसा खाल्लो," म्हणायची. अखिला म्हणायची, "खाल्ला. डोसा खाल्ला." नंदिता मामांना मामा म्हणायची. अखिला म्हणायची, "तुझे ते मामा नव्हेत, आतोबा." नंदिता गोड हसायची आणि पुन्हा मामाच म्हणायची. अखिलाला आपल्या मराठीचा मोठा अभिमान होता. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत देवनागरी वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यात ती एक. नंदिताचं मराठी सुधारणं हे तिनं आपलं कामच करून टाकलं होतं. त्यात माया किती आणि टोचणं किती, हे विचारू नये.

नंदिताचा सगळ्यात गाजलेला किस्सा पालीचा. एकदा मामीला भिंतीवर पाल दिसली. मामी किंचाळली, "पाल! पाल!" नंदिता अभ्यास टाकून धावत आली, गॅस बंद केला, दुधाचं पातेलं चिमट्यानं उचललं आणि चिमटा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तामिळमध्ये पाल म्हणजे दूध. पाल आपली डब्यामागे निघून गेली आणि दूध तेवढं वाचलं. हा किस्सा अखिलानं नात्यातल्या प्रत्येक बारशात आणि मुंजीत सांगितला. सांगताना तिला फार बरं वाटायचं.

ही अशी मुलगी एका सकाळी मामीच्या वाळत घातलेल्या चादरी काढायला म्हणून तारेपाशी गेली आणि सहज तारेवर चढली. मामानं खुर्चीतून "तोल!" म्हणून आरोळी मारली. पोरगी चार पावलं चालली, पडली, हसली आणि पुन्हा चढली. वर्षाच्या आत ती अशी चालायला लागली की शेजारच्या बायका आपली कामं टाकून कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. हात पाण्यात सोडल्यासारखे सैल, मान वर, आणि चेहऱ्यावर पुढच्या टोकाला कुणी ओळखीचं उभं असल्यासारखा आनंद. अखिला ते बघायची आणि जळायची. मत्सर म्हणतात तो हाच, हे तिला चांगलं कळत होतं. तिला त्याची लाज वाटत होती आणि तरी तो तसूभर कमी होत नव्हता.

छत्री गेली ती गेली. खरा भडका उडाला तो चारच दिवसांनी, शाळेच्या स्टाफरूममध्ये.

संमेलनाचा सेक्रेटरी चिदंबर याला दिसेल त्याचा व्हिडिओ काढायची खोड होती. त्यानं तिरुवैयारूला जाऊन नंदिताचा व्हिडिओ काढला आणि मंडळींच्या ग्रुपवर टाकला. डबा खाता खाता अखिलानं तो उघडला. चिदंबर विचारत होता, एवढ्या लवकर कसं जमलं? आणि नंदिता तारेवर बसून, पाय हलवत, तामिळ-इंग्रजीत सांगत होती, "मामा एकच गोष्ट सांगतात. शोल्डर. ओन्ली शोल्डर. मी पडायला लागले की ओरडतात, शोल्डर! मग मी खांदे सोडून देते, आणि हात आपोआप काय करायचं ते करतात. बाकी मी काही विचारच करत नाही."

खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली होती.

अखिलानं तो पुन्हा पहिल्यापासून लावला. खांदा! इतक्या वर्षांत मामानं तिला खांदा हा शब्द एकदाही सांगितला नव्हता. एकदाही. तिला नुसतं तोल, तोल, तोल. तोल सांभाळायचा हे काय सांगायला हवं? तारेवर चढलेल्याला दुसरं काय सांभाळायचं असतं? पण तो कसा सांभाळायचा, त्याची किल्ली कुठे आहे, ते मामानं लपवून ठेवलं आणि मराठीचं एक वाक्य धड न बोलणाऱ्या, काल आलेल्या पोरीच्या हातात आयतं ठेवलं. छत्रीचं दुःख तिनं एक वेळ गिळलं असतं. पण हे म्हणजे सख्ख्या घरात दुजाभाव. तिनं डबा तसाच मिटला. घरी जाऊन खांदे सोडून बघावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण तसं केलं तर आपण नंदिताच्या शिष्या ठरू, या विचारानं तिनं ते मनातून काढून टाकलं.

रविवारी तिनं स्कूटी लावली ती थेट मामाच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. नंदिता तारेवर होती. छत्री उघडून ती मधल्या पल्ल्यावर आली होती.

"मामा, एक विचारतें. तिला खांद्याचं सांगट्लं, मला कां नाहीं सांगट्लं?"

"कसला खांदा?"

"तुम्हीं तिला शिकवट्लं म्हणे. खांदे सोडायचे. मी इतकीं वर्षं येतें. मला एकदा तरी म्हणट्लं कां तुम्हीं?"

मामानं विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. तो खरोखर गोंधळला होता, आणि गोंधळला की त्याला राग यायचा. "अग, मी खांदा म्हणून जन्मांत कोणाला काय सांगट्लं? माझ्या उस्तादानं मला एक शब्द दिला. तोच तुला दिला, तोच तिला. दुसरा माझ्याकडे नाहीं. पोदुम, पुरे. जा, आंत जाऊन कॉफी घे."

खोटं बोलतात, असं मनात म्हणत अखिला स्वयंपाकघरात गेली. मामी नारळ खवत होती. गॅसवर दूध ठेवलेलं.

"दूध बघ ग, उतूं जाईल," मामी म्हणाली आणि स्वतःच हसली. "नंदिता असती तर पाल बघ म्हणावं लागलं असतं."

अखिलानं हात पुढे केला आणि त्याच वेळी परसातून मामाची आरोळी आली. विड्याच्या रसातून येताना त्यातल्या ल चा पार ळ होऊन गेला होता. "तोळ!"

अखिलाचा हात गॅसच्या बटणावर तसाच राहिला. तोळ. तामिळमध्ये तोळ म्हणजे खांदा.

दूध उतू गेलं. मामी ओरडली. अखिला फडकं घेऊन ओटा पुसायला लागली आणि पुसता पुसता सगळं तिच्या डोळ्यांपुढे लख्ख झालं. मामानं काही लपवलं नव्हतं. मामा तोलच म्हणत होता, दोघींनाही. मराठी येणाऱ्या अखिलानं तो शब्द मराठीत ऐकला आणि आयुष्यभर तोल सांभाळत बसली. मराठी न येणाऱ्या नंदितानं तो तामिळमध्ये ऐकला, खांदा असा समजून खांदा सोडला, आणि वाऱ्यासारखी निघाली. जसं पाल ऐकून दूध उचललं, तसंच.

एखादीचा जीव हलका झाला असता. मामानं दगा दिला नाही, दुजाभाव केला नाही. मग आणखी काय हवं? पण अखिलाचा जळफळाट उलट वाढला. मामानं दगा दिला असता तर त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. इथे रागवायचं कुणावर? ज्या अडाणीपणाला ती वर्षभर हसली, त्यानंच त्या पोरीचं भलं केलं होतं. आणि जे मराठी ती मिरवत होती, तेच तिच्या पायात आडवं आलं होतं. हे तिला सहन होईना. ती कॉफी न घेताच निघाली.

वाटेत कुडमुरुट्टी नदीच्या पुलावर सिमेंटच्या लॉरीमागे स्कूटी अडकली, आणि तिथे धुरात उभी असताना तिच्या मनात ते आलं. नंदिताला नुसता अर्थ सांगायचा. त्यात खोटं काय? मराठी सुधारायचंच तर होतं.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी राजवाड्यामागच्या कल्याण मंडपाच्या अंगणात तार बांधायचं काम चालू होतं. दोन लोखंडी खांब, दोन पुरुष उंच. खालच्या गाद्या आदल्या आठवड्यात एका लग्नात वापरलेल्या, त्यांना अजून फुलांचा वास येत होता. मामा सावलीत बसून हातानं खुणा करत होता आणि अखिला पान्यानं तार ताणत होती. हे काम तिच्याइतकं चोख कुणाला जमत नसे. नंदिता पितळी डबरा-पेल्यात कॉफी घेऊन तिच्याजवळ आली.

"अक्का, तार तुम्ही ताणली की मला भीती नाही वाटते," ती म्हणाली.

"वाटत. भीती वाटत नाहीं," अखिला म्हणाली. मग पान्याकडे बघत, आवाज अगदी सहज ठेवून म्हणाली, "नंदिता, मामा ओरडतात तो शब्द काय म्हणून ठावें ना तुला?"

"तोळ. शोल्डर."

"नव्हे ग. ते मराठी आहे. तोल. तोल म्हणजे बॅलन्स."

नंदितानं डोळे मोठे केले. आधी तिला हसू आलं, पालीच्या वेळी आलं होतं तसं. मग ते हळूहळू गेलं.

"मग मी इतके दिवस चुकीचं करत होते?"

इथे अखिलाला एकच शब्द बोलायचा होता. नाही. नाही ग, तू करतेस तेच बरोबर आहे, मलाही शिकव. हे तिला पक्कं ठाऊक होतं. नंदिता तोंडाकडे बघत उभी होती, हातात अखिलासाठीच आणलेली कॉफी.

"हो," अखिला म्हणाली. "उद्यां बॅलन्सकडे लक्ष दे. खांदा राहूं दे."

"सेरी, अक्का," नंदिता म्हणाली. "बरं झालं तुम्ही सांगितला."

अखिलानं तेवढ्यापुरतं तिचं मराठी सुधारलं नाही. कॉफी प्यायली. ती चांगली होती.

दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी फुलून गेलं. चेन्नई, बेंगळूर, पुण्याहून माणसं आली होती. एकमेकांना न समजणाऱ्या तऱ्हांचं मराठी बोलून सगळे थकले आणि शेवटी तामिळ नाहीतर इंग्रजीवर आले. भाषणं झाली. पोरांची गाणी झाली. मग चिदंबरनं माइकवर कंबी मामाचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, आणि नंदिता लाल छत्री घेऊन खांबावर चढली. मामाची खुर्ची तारेच्या मधोमध, गाद्यांच्या कडेला होती. अखिला त्याच्या शेजारी उभी होती. लाल काठाचा कुडता तिनं घातला नव्हता.

पहिली काही पावलं नंदिता नेहमीसारखी चालली. लोकांनी "वा" म्हटलं. मग ती बॅलन्सकडे लक्ष द्यायला लागली.

ते अखिलाला आधी कळलं, कारण ते तिच्या अंगच्या ओळखीचं होतं. नंदिताची नजर टोकावरून पायाखाली आली. जबडा आवळला. खांदे वर वर चढत कानाला लागले. अखिलाला आरशात बघितल्यासारखं वाटलं. अश्शीच दिसते मी. तार थरथरायला लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. चिदंबरचा मोबाइलसुद्धा खाली आला.

"तोल!" मामा ओरडला.

एरवी या शब्दानं सुटणारे नंदिताचे खांदे आज आणखी आवळले. बरोबरच होतं. आज तिनं तो मराठीत ऐकला होता.

खोटं कशाला सांगावं, अखिलाला आधी बरंच वाटलं. अगदी पोटातून, तहानेला पाणी मिळावं तसं. बघा, बघणाऱ्यांना घाम फुटला ना? आता कळू दे मामांना. मामा पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागला. तो ओरडत होता आणि त्याची प्रत्येक आरोळी त्या पोरीला अधिकच खाली ओढत होती. हे त्या सबंध अंगणात एकट्या अखिलाला कळत होतं. नंदिता तारेच्या मध्यावर थांबली. छत्री तिच्या हातातून सुटली, गाद्यांच्या कडेला आपटली आणि घरंगळत येऊन अखिलाच्या पायाशी पडली.

ज्या छत्रीसाठी ती इतकी वर्षं रविवार मोजत होती, ती अशी पायाशी आली. अखिलानं तिच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. नंदिता आता तारेकडेही बघत नव्हती. ती खाली अखिलाकडे बघत होती. भरवशानं.

अखिला गाद्यांवर धावली. "तोळ!" ती ओरडली, जीभ टाळ्याला लावून, चेन्नईच्या पोरीला कळेल असा पक्का तामिळ ळ काढून. "नंदिता, तोळ! काल सांगट्लं तें विसर! शोल्डर ग, शोल्डर! सोड!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग नंदिताचे खांदे खाली आले. हात पसरले, नजर उचलली आणि टोकाकडे गेली. तार अजून थरथरत होती, पण नंदिता तिच्याबरोबर हलायला लागली होती. ती एक पाऊल टाकून थांबली, मग दुसरं टाकलं, आणि मग नेहमीसारखी, छत्रीशिवाय, पलीकडच्या खांबापर्यंत चालत गेली. अंगणात गलका झाला, टाळ्या थांबेनात.

नंदिता खांबावरून उतरली ती धावत येऊन अखिलाच्या गळ्यात पडली. घामानं निथळत होती.

"अक्का, काल बॅलन्स म्हणाला तुम्ही. आज शोल्डर. खरं काय ते?"

तिनं ते अगदी भाबडेपणानं विचारलं. मामा शेजारीच उभा होता, काठीवर टेकून. त्यानं नंदिताकडे बघितलं, मग अखिलाकडे.

"काल काय सांगट्लंस हिला?"

नंदितानंच सगळं सांगितलं. शब्द, अर्थ, बॅलन्सकडे लक्ष दे, खांदा राहू दे. चांगली गोष्ट सांगावी तसं सांगितलं, कारण तिला त्यात वाईट काही दिसलंच नव्हतं. मामा ऐकत राहिला. खांद्याची आणि तोलाची गंमत कळली तेव्हा त्याचे डोळे किंचित हसले. पुढचं कळलं तेव्हा हसणं गेलं.

तो काठी टेकत अंगणाच्या कडेला मोरीपाशी गेला. विडा थुंकला. नळाखाली ओंजळ धरून दोनदा चूळ भरली. अखिलानं मामाचं तोंड रिकामं असं कधी पाहिलंच नव्हतं. परत येऊन तो तिच्यासमोर उभा राहिला आणि एक एक अक्षर स्वच्छ करून बोलला.

"तारेवर ती होती, अखिला. तोल तुझा गेला."

अखिलाला रडू आलं. तिनं ते पुसलंही नाही. तिला लाज वाटत होती आणि त्या लाजेतही कुठेतरी ती नंदिताला झालेल्या टाळ्या ऐकत होती. असं असतं माणसाचं मन, त्याला काय करावं.

जेवणाची पंगत मांडल्याचं चिदंबरनं माइकवर सांगितलं. पुरणपोळी, आंबट वरण आणि डांगर पच्चडीच्या ओढीनं अंगण बघता बघता रिकामं झालं. तिघंच उरली. नंदितानं छत्री उचलून झटकली.

"चढ," मामा अखिलाला म्हणाला.

"आतां? सगळे जेवायला गेले मामा."

"मी आहें. ही आहे. चढ."

अखिलानं चपला काढल्या. नंदितानं छत्री पुढे केली. अखिलानं हात पुढे केलाही.

"छत्री नको," मामा म्हणाला. "हात मोकळे राहूं देत."

ती खांबावर चढली. वरून मंडपाची कौलं दिसत होती, आतून पत्रावळींचा आणि वाढप्यांच्या हाकांचा आवाज येत होता. तिच्यासाठी कुणी श्वास रोखलेला नव्हता. तिनं पाऊल टाकलं. सवयीनं दात आवळले गेले, खांदे वर चढले. मध्यावर येईतो तार भांडायला लागली. ती मामाच्या आरोळीची वाट बघत होती. मामा खुर्चीत बसून पानाला चुना लावत होता आणि वर बघत होता, पण बोलत नव्हता.

"अक्का!" खालून नंदिता ओरडली. गाद्यांवर उभी होती, बगलेत लाल छत्री. "अक्का, तोळ!"

तोळ नव्हे, तोल, असं अखिलाच्या जिभेवर आलंच होतं. तिनं ते गिळलं आणि खांदे सोडले.